दर चार तासांनी तीनशे मिली

२ सप्टेंबर, संध्या. ७
आजपासून नोंदी. स्वतःच्या हौसेने नाही. हिने महिनाभर टुमणं लावलं होतं, म्हणून एकदाचा युरॉलॉजिस्टकडे जाऊन आलो. मूत्रविकारांचा डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाचा, टक्कल पडलेला पुरुष असणार, असं मी धरून चाललो होतो. निघाली चाळिशीची बाई. तिच्यासमोर 'लघवी' हा शब्द तोंडातून काढायला मला सात मिनिटं लागली. तिने तो पहिल्या मिनिटात चारदा वापरला.

तक्रार काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तक्रार काही नाही, बायको आहे.

बायकोने यादी वाचली. रात्री चार-पाचदा उठतात. आत दहा-दहा मिनिटं उभे असतात. धार बारीक, मधेच तुटते. बाहेर येऊन पाय पुसले की पुन्हा आत. छत्तीस वर्षांच्या संसारात ही माझं लॉगशीट ठेवतेय, हे मला माहीत नव्हतं.

सोनोग्राफी झाली. जाऊन आल्यावरही आत एकशेऐंशी मिली शिल्लक. प्रोस्टेटची गाठ वाढून मूत्रमार्गाचं तोंड आवळून बसलीय, म्हणून मूत्राशय रिकामं होत नाही, असं निदान. डॉक्टरने कागदावर दोन किडन्या, दोन नळ्या, खाली पिशवी, पिशवीला तोटी असं चित्र काढून दाखवलं. बाई, एकतीस वर्षं मी बॉयलर चालवतोय. पाइपलाइन मला शिकवू नका. हे मनात म्हटलं.

रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी गाळून टाकायचा कचरा, किंचित जास्त. शिल्लक वाढत गेली तर दाब उलटा वर चढेल आणि किडन्या बिघडतील. सध्या गोळीवर भागेल, न भागलं तर ऑपरेशन. हे ठरणार कशावर, तर नोंदींवर. एक छापील नमुना आणि मापाचं प्लॅस्टिकचं भांडं दिलं. किती प्यायलात, किती वाजता गेलात, किती मिली झाली, गळती झाली का. "खरं लिहा. मी या आकड्यांवर उपचार ठरवते," असं तिने दोनदा सांगितलं. ज्याच्या लॉगशीटवर एकतीस वर्षांत एक लाल शेरा नाही, त्याला हे सांगावं लागतंय.

शिवाय रक्ताच्या आणखी एका तपासणीची चिठ्ठी. पीएसए, प्रोस्टेटचा कॅन्सर नाही ना ते बघायला. दादालाही हीच चिठ्ठी दिली होती. खिशात ठेवलीय.

३ सप्टेंबर, स. ६.१०
पहिली नोंद: ९० मिली. भांड्यावरच्या खुणा फिकट आहेत. शिवाय सकाळी कमीच होते. रात्री दोनदा उठलो. म्हणजे चारदा, पण दोनदा नुसतं बघायला.

निर्णय: दोन वह्या. दोन्ही कामावरच्या लाँड्रीतल्याच, निळ्या पुठ्ठ्याच्या. ही कच्ची. हिच्यात जसं होईल तसं. दुसरी पक्की, डॉक्टरसाठी. सुवाच्य, एका पेनाने, समास सोडून. यात खोटेपणा नाही. कुठल्याही मीटरचा काटा थरथरत असतो. शहाणा माणूस मधला आकडा लिहितो.

३ सप्टेंबर, दु. १.३०
भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून कामावर नेलं. आमची स्टीम लाँड्री. चार हॉस्पिटलांच्या चादरी रोज इथे धुऊन, इस्त्री होऊन जातात, आणि ती सगळी वाफ माझ्या बॉयलरची. बॉयलर पेटता असताना अटेंडंटने जागा सोडायची नाही, हा नियम. संडास अंगणापलीकडे, इस्त्री विभागाच्या मागे, एकशेचाळीस पावलांवर. म्हणून आम्ही लोक पाणी कमी पितो आणि धरून ठेवतो. माझ्याइतकं धरून ठेवणारा या धंद्यात नाही. डॉक्टरला हे सांगायचं राहिलं.

माझा जोडीदार भांड्याकडे बघून म्हणाला, थर्मास आणलात वाटतं. मी हो म्हटलं. तर चहा मागायला लागला. या माणसाला सगळे 'मेडिकल' म्हणतात, कारण त्याच्या प्रत्येक खिशात गोळ्या असतात आणि प्रत्येक दुखण्यावर त्याला एक ठाऊक असते.

३ सप्टेंबर, दु. २.१५
७० मिली. पुन्हा ४० मिली. पुन्हा जायचं वाटतंय, पण मेडिकल जेवायला गेलाय.

६ सप्टेंबर, स. ९
तीन दिवसांचा तक्ता पूर्ण. कच्च्या वहीत एकूण बेचाळीस नोंदी झाल्या. चाळीसने, साठने, तीसने भरलेलं पान बघून माझं मलाच बरं वाटेना. पक्की वही काल एका बैठकीत भरली. सहा, दहा, दोन, सहा, दहा. दर चार तासांनी तीनशे मिली. रात्री एकदा. घाई नाही, गळती नाही.

बॉयलरचंही मी असंच करतो. आठ ते चारचं लॉगशीट साडेआठलाच भरून ठेवतो. प्रेशर सात किलो, सात किलो, सात किलो. दर तासाला उठून तेच लिहिण्यात काय हशील? साहेबांनी कधी विचारलं नाही. बॉयलरनेही नाही.

८ सप्टेंबर
गोळी बंद केली. पाच दिवस घेतली. काल फर्नेसचं दार लावून उठलो तर डोळ्यांपुढे अंधार आला, रेलिंग धरलं म्हणून वाचलो. डॉक्टरने सांगितलं होतं खरं, सुरुवातीला चक्कर येईल, हळू उठा, जास्त वाटलं तर फोन करा. पण येत्या सहा ऑक्टोबरला बॉयलरचं वार्षिक इन्स्पेक्शन आहे. इन्स्पेक्टरसमोर कोलमडणारा अटेंडंट कोण ठेवेल? पक्क्या वहीत 'गोळी' या रकान्यात रोज बरोबरची खूण करतोय. खूण करायला चक्कर येत नाही.

हिला सांगितलेलं नाही. हिने रोज जेवणानंतर गोळी माझ्या हातावर ठेवायची आणि मी ती चूळ भरताना टाकून द्यायची, असं चाललंय. थोडे दिवसांचा प्रश्न आहे.

११ सप्टेंबर, दु. ४
जळजळ. धार नाहीच, जी आहे ती विस्तवासारखी. रंग गढूळ, वास येतो. अंगात कणकण, मधेच हुडहुडी. फर्नेसपुढे उभं राहून थंडी वाजणारा मी पहिलाच असेन. उष्णता बाधली असणार.

ही म्हणाली की हे इन्फेक्शन आहे. दोन वर्षांपूर्वी हिला झालं होतं तेव्हा अस्संच झालं होतं. लघवी तपासली, कल्चर केलं, कोणते जंतू ते बघून औषध दिलं, सात दिवसांचा कोर्स हिने एक गोळी न चुकवता पुरा केला. मी समजावलं की ते बायकांना होतं, त्यांचा मार्ग आखूड असतो, असं दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलंय. ही म्हणाली, त्याच भिंतीवर खाली लिहिलंय की मूत्राशय रिकामं होत नसेल तर पुरुषांनाही होतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. मी खालचं वाचलं नव्हतं.

१३ सप्टेंबर
मेडिकलकडे कॅप्सूल होत्याच. चार दिल्या. दोनातच उतार पडला, उरलेल्या दोन जपून ठेवल्यात. पुढच्या वेळी उपयोगी पडतील.

१८ सप्टेंबर, संध्या. ६
दुसरी भेट. आजचा दिवस माझा.

बाहेर बसलेल्यांची मी मनातल्या मनात तपासणी केली. एक टॅक्सीवाला, मुतखडा. कमरेतून जांघेत कळ यायची तेव्हा भर रस्त्यात गाडी उभी करून लोळायचा म्हणे. दिवसभर पाणी पीत नाही, कारण गाडी कुठे लावणार. एक शिक्षिका, वर्षात चौथं इन्फेक्शन. तीही पाणी पीत नाही, कारण शाळेचं स्वच्छतागृह. मला दोघांची कीव आली. धरून ठेवायचं तर शास्त्र असतं, ते प्रत्येकाला जमत नाही.

डॉक्टरने पक्की वही बघितली. पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आली. इतकी सुरेख वही एकाही पेशंटने आणून दिली नव्हती, असं म्हणाली. एका पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसते, असंही म्हणाली. मी नम्रपणे मान डोलावली. मग विचारलं की तेराशे मिली पिऊन अठराशे कशी झाली. मी म्हटलं, जेवणातही पाणी असतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

मग फ्लो-टेस्ट. एका नरसाळ्यात करायची, यंत्र धारेचा आलेख काढतं. मी आत गेलो, पंधरा मिनिटं उभा राहिलो. बाहेर आलो आणि सांगितलं की येताना घरीच जाऊन आलो. पुन्हा सोनोग्राफी करू, असं ती म्हणाली. सहा तारखेनंतर, म्हटलं. पीएसएचा रिपोर्ट कुठे, विचारलं. चिठ्ठी हरवली, म्हटलं. दुसरी दिली. मधे ताप, जळजळ काही? नाही, म्हटलं. ही तोंड उघडणार होती, मी हिच्या पायावर पाय ठेवला.

डॉक्टर म्हणाली, तुमचे आकडे चांगले आहेत, त्यामुळे औषध बदलत नाही. पण तुम्ही मला चांगले दिसत नाही. आठवड्याभरात या. मी हो म्हटलं.

वाटेत ही एक शब्द बोलली नाही. पायावर जास्त जोर पडला असावा.

२१ सप्टेंबर
चिठ्ठी हरवलेली नाही. दोन्ही चिठ्ठ्या या वहीच्या मागच्या कप्प्यात आहेत. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार.

दादाचं असंच सुरू झालं. रात्री उठणं, बारीक धार. मग ही चिठ्ठी. मग एक आकडा आला, आणि त्या आकड्यानंतर आमचा दादा दादा राहिला नाही, पेशंट झाला. हाडात गेलं होतं. आठ महिने. शेवटी त्याला उशीवर टेकवून बसवायचं तर तीन माणसं लागायची, आणि तो माझी माफी मागायचा. जोवर आकडा नाही तोवर काही नाही. हे मी नीट विचार करून ठरवलंय.

२५ सप्टेंबर, दु. ३
एक तांत्रिक अडचण. धरून ठेवलेलं असताना आपोआप थोडं थोडं येतंय. कळत नाही, फक्त ओलं लागतं. माझा अर्थ असा की स्नायू सैल पडून मार्ग मोकळा होतोय, म्हणजे सुधारणा आहे. कामावर लांब अ‍ॅप्रन घालायला लागलो. मेडिकलने विचारलं तर म्हटलं, इन्स्पेक्शन जवळ आलंय, जरा शिस्त हवी. दुसऱ्या दिवशी तोही अ‍ॅप्रन घालून आला.

घरी सतरंजीवर बसत नाही, खुर्चीवर वर्तमानपत्र टाकून बसतो. ही बघते. काही बोलत नाही. पूर्वी बोलायची ते बरं होतं.

२८ सप्टेंबर
दवाखान्यातून दोनदा फोन. घेतला नाही. पायांना जरा सूज. बूट घट्ट झालेत. चामडं आटलं असेल.

संकल्प: सहा तारीख पार पडली की सात तारखेला सगळं. गोळी, सोनोग्राफी, चिठ्ठी. हिला खरं सांगणं. क्रम नंतर ठरवू.

१ ऑक्टोबर
बॉयलर बंद केला. पाच दिवस लाँड्री भाड्याच्या छोट्या बॉयलरवर. आतली काजळी काढली, नळ्या घासल्या, पाण्याची पातळी दाखवणारी गेज ग्लास नवीन बसवली. सहाला हायड्रॉलिक टेस्ट. बॉयलर थंड, काठोकाठ पाण्याने भरायचा, हातपंपाने दाब नेहमीच्या दीडपट चढवायचा आणि अर्धा तास तसाच धरायचा. कुठून एक थेंब पाझरला तरी नापास. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्यावर सोडून मी निर्धास्त आहे. ऊर भरून आला. इतरही काही भरून आलं होतं, पण मी जागा सोडली नाही.

५ ऑक्टोबर, संध्या. ७
सर्दी. नाक चोंदलंय, शिंका. उद्याच्या दिवशी हे परवडणार नाही. मेडिकलने जालीम गोळ्या दिल्या, दोन आता, दोन सकाळी. हिने पाकीट हातात घेऊन वाचलं आणि म्हणाली की डॉक्टरने दिलेल्या कागदावर लिहिलंय, सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, लघवी अडू शकते. मी म्हटलं, नाकाचा आणि त्याचा काय संबंध? चित्रात दोन्ही जोडलेले नव्हते.

६ ऑक्टोबर, स. ७.२०
पहाटेपासून तीनदा गेलो. शून्य मिली. सर्दीत अंगातलं पाणी नाकावाटे जातं. उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या. नाक मोकळं.

स. ८.३५
बॉयलर हाउसमध्ये. सगळं चकाचक. मन शांत. लॉगशीट भरून टेबलावर ठेवलं, तेवढीच एक कटकट कमी.

स. ९.४०
एकशेचाळीस पावलं. मधे दोनदा भिंत धरली. चार थेंब. परत एकशेचाळीस. पोटाचा खालचा भाग दगडासारखा लागतोय. अ‍ॅप्रनची नाडी सोडली.

स. १०.३०
इन्स्पेक्टर आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, स्वतःची बॅटरी घेऊन आलेला. साहेबांनी चहा मागवला. मी प्यायलो, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

स. ११.०५
दाब चढला. साडेदहा किलो. इन्स्पेक्टरने घड्याळ लावलं. मी दाबाच्या गेजजवळ उभा. बसता येत नाही, उभं राहवत नाही, म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर. कपाळावरचा घाम अ‍ॅप्रनला पुसतोय. बॉयलरच्या एकाही जोडातून थेंब नाही. काय मशीन आहे. अर्धा तास. अर्धा तास मी काहीही धरून ठेवू शकतो. हे मी आयुष्यभर केलंय.

स. ११.२५
फीड पंपाच्या आडोशाला उभा राहून लिहितोय. अक्षर चांगलं येत नाही. दहा मिनिटं. सही झाली की कुणाला न सांगता शांतपणे चालत जायचं. पाठीतही कळ आहे आता, दोन्ही बाजूंना. डॉक्टरच्या चित्रात किडन्या तिथेच होत्या.

भीती वाटतेय. हे पुसून टाकेन.

स. ११.३६
बॉयलर पास. इन्स्पेक्टरने लॉगशीट मागितलंय.

८ ऑक्टोबर, स. १०, वॉर्ड
आता लिहिता येतंय. वही पिशवीत राहिलीय, म्हणून नर्सकडून मागितलेल्या कागदावर. जे घडलं ते असं.

इन्स्पेक्टरने आजचं लॉगशीट उचललं, बॅटरी मारून वाचलं, मग बॉयलरच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गार. पाच दिवस विझलेला बॉयलर. लॉगशीटवर माझ्या सुवाच्य अक्षरात: आठ वाजता सात किलो, नऊ वाजता सात किलो, आणि असं करत करत दुपारी चार वाजता सात किलो. घड्याळात पावणेबारा वाजत होते.

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी चांगलं उत्तर सुचत होतं. ते सांगायला पुढे झालो आणि खाली बसलो. मग आडवा झालो. मेडिकलने ओटीपोटावर हात ठेवला आणि ओरडला की यांचं फुटतंय. चादरींच्या गाडीतून मला इथे आणलं, धुतलेल्या गठ्ठ्यांवर झोपवून.

नर्सने नळी घातली. साडेतेराशे मिली. तिने मोठ्याने वाचलं आणि तिच्या कागदावर लिहिलं. एवढं सुख मला आयुष्यात कशाने झालेलं आठवत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने कुठे लिहिलं नाही.

आता पलंगाच्या कडेला पिशवी लटकतेय. पिशवीवर खुणा छापलेल्या, ठळक. नर्स दर तासाला येते, वाकते, लिहिते. तिला म्हटलं, तुम्ही सकाळीच दिवसभराचं लिहून ठेवत जा, वाचलं तरी कोण? ती म्हणाली, काका, तेव्हा मला कसं कळणार किती झाली ते.

चादरीच्या कोपऱ्यावर आमच्या लाँड्रीचा निळा शिक्का आहे. इस्त्री चांगली आहे. वाफ कोरडी होती त्या दिवशी.

८ ऑक्टोबर, दु. ४
डॉक्टर येऊन गेली. तिच्या हातात निळी वही होती. पक्की असणार म्हणून मी निवांत होतो. तिने वाचायला सुरुवात केली: नव्वद. सत्तर. पुन्हा चाळीस. आठ सप्टेंबर, गोळी बंद केली.

मेडिकलने माझी पिशवी हिच्याकडे दिली होती. मी आत असताना ही दोन तास बाहेरच्या बाकावर बसली होती. दोन्ही वह्या वाचल्या. मग ही वही डॉक्टरला दिली आणि सांगितलं की दुसरी हिने मला जेवणाच्या टेबलावर भरताना पाहिलीय. ती घेऊन काही करू नका.

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसली आणि एकेक समजावत गेली. शिल्लक साचत गेली, त्यातून इन्फेक्शन झालं, ते अर्धवट औषधाने दबलं, मग भरून सांडायला लागलं, त्याला मी सुधारणा समजलो. सर्दीच्या गोळीने उरलंसुरलं दार बंद केलं. दाब वर चढला, किडन्या फुगल्यात, पण वेळेत आलात, बहुतेक सावरतील. मग म्हणाली, "पहिल्या आठवड्यात ही वही दिली असती, तर चक्कर न आणणारी दुसरी गोळी दिली असती. कदाचित ऑपरेशनचं नावही काढावं लागलं नसतं."

ऑपरेशन टाळायला मी काय काय केलं, ते सगळं या वहीत तारीखवार आहे. तिने काही ओळींखाली लाल पेनाने रेघा मारल्यात. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

शेवटचं पान उलटताना मागच्या कप्प्यातून दोन चिठ्ठ्या खाली पडल्या. तिने त्या उचलून माझ्या उशाशी ठेवल्या. गाठ हाताला मऊ आणि सारखी लागतेय, भावाच्या आजारासारखी वाटत नाही, असं म्हणाली. नक्की मात्र तपासल्यावरच सांगेन. पीएसए आत्ता केली तर नळीमुळे आकडा उगाच वर दिसेल, काही आठवड्यांनी करू. भावाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेही या वहीतच होतं.

८ ऑक्टोबर, संध्या. ६
ही आली. फळं चिरून दिली, पाणी दिलं, पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, वहीचा विषय काढणार नाही. मग म्हणाली, "दादा गेले तेव्हा तुम्ही एकदाही रडला नाहीत. मला वाटलं होतं, तुम्हाला काही झालंच नाही."

मी म्हटलं, तेव्हा लॉगशीट भरायचं होतं. विनोद करायला गेलो, जमला नाही. मग हिने माझा हात धरला आणि बराच वेळ आम्ही दोघं त्या पिशवीत थेंब पडताना बघत बसलो. छत्तीस वर्षांत एवढा वेळ एकत्र बसल्याचं मला आठवत नाही.

१० ऑक्टोबर
साहेबांचं पत्र मेडिकलने आणून दिलं. बॉयलर पास. सर्टिफिकेट आलं. माझी चौकशी, तोवर बॉयलर हाउसला जायचं नाही, बरा झाल्यावर चादरी मोजण्याच्या विभागात. मेडिकल आता दर तासाला उठून गेज बघतो आणि मगच लिहितो. त्याने सांगितलं की प्रेशर सातवर कधीच नसतं. सहा पूर्णांक चार, सात पूर्णांक एक, पावणेसात. दिवसभर हलत असतं. एकतीस वर्षं मी त्या गेजच्या शेजारी बसलो होतो.

क्रिएटिनिन उतरलंय. पायांची सूज गेली. बूट सैल झालेत.

१२ ऑक्टोबर, स. ९
आज नळी काढली. नवी गोळी चार दिवस चालू आहे, चक्कर नाही. डॉक्टरने एक संधी द्यायचं ठरवलंय. भरपूर पाणी प्यायचं, आपोआप होते का बघायचं. नीट झाली तर गोळ्यांवर घरी. नाही झाली तर गुरुवारी ऑपरेशन. नोंद मी स्वतः करायची, नर्सने सांगितलं. भांडं दिलं, तेच, फिकट खुणांचं.

निर्धार: तीनशे.

दु. १२.४०
चार ग्लास झाले. दोनदा गेलो, काही नाही. ही दाराबाहेर उभी. घाई करू नका, म्हणाली. घाई मी करत नाहीये, धारही करत नाहीये.

दु. १.२५
झाली. सुरू होऊन तुटली, पुन्हा थेंब थेंब, मग बंद. भांडं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. साठ.

साठाच्या आधी दोन लिहिला तर दोनशेसाठ. एकच आकडा. नर्स जेवायला गेली होती. मी पेन उघडलं. गुरुवार डोळ्यांसमोर येत होता, आणि दादाही.

भांडं थोडं तिरकं धरलं होतं. पासष्ट लिहायला हरकत नव्हती. ही समोरच्या खुर्चीवर बसून माझ्या पेनाकडे बघत होती.

साठ लिहिलं.